असं का होतं? : मे महिन्यात कोरल पांढरं का पडतं?

विदर्भातल्या वरोऱ्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं मऊ कोरल आधी आक्रसतं, मग फिकट होत जातं. मासे मात्र मजेत पोहत असतात.

कोरल, म्हणजेच प्रवाळ, हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी कोरलला मिळते. पाणी तिशीच्या वर रेंगाळलं की शैवालाची ही यंत्रणा बिघडते, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि कोरल शैवालालाच बाहेर काढतं. रंग जातो, जेवणही जातं. १९८७ साली सागरी अभयारण्य झालेल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ असेच पांढरे पडलेले आढळले आहेत.

उपाय विदर्भाला नवा नाही. कूलर जे करतो तेच पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा करतो: वाफ होताना उष्णता निघून जाते. मुंबईच्या दमट हवेपेक्षा आपल्या कोरड्या हवेत हे कितीतरी छान जमतं. खोलीचीच भट्टी झाली असेल तर मात्र चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, हवं.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे घटलेली पातळी आरओच्या साध्या पाण्याने रोज थोडी थोडी भरावी. खारं पाणी ओतलं की क्षार वाढत जातात. बोअरचं पाणी तर नकोच.

एक मात्र लक्षात ठेवा. लेदर कोरल हे मऊ कोरल अधूनमधून मिटून मेणचट पापुद्रा टाकतं. तो आजार नव्हे. पंपाचा प्रवाह नीट असला की पापुद्रा आपोआप निघून जातो.