लॉफ्ट म्हणजे बाथरूमवरचा माळा नव्हे

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप.

लॉफ्ट म्हटलं की आपल्याला आठवतो बाथरूमवरचा माळा. गणपतीचं मखर, तुटकी सुटकेस, आजीची पितळी भांडी. इन्स्टावर मात्र 'लॉफ्ट अपार्टमेंट' म्हणजे उघड्या विटांची भिंत, उंचच उंच छत आणि प्रकाशच प्रकाश. ही फॅशन गाजली ती न्यूयॉर्कच्या सोहोमधून, म्हणून आज तिकडे जाऊ.

सोहोत एकोणिसाव्या शतकात कापडाची गोदामं आणि कारखाने उभे राहिले. इमारतींचा दर्शनी भाग बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडाचा खांब बारीक असला तरी भार पेलतो, त्यामुळे दोन खांबांमध्ये भली मोठी खिडकी बसते. यातल्या बऱ्याच इमारती विजेच्या दिव्यांआधीच्या. आज ज्या उजेडाचे लोक फोटो काढतात, तो मुळात काम दिसावं म्हणून आत घेतलेला होता!

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग हळूहळू बाहेर गेले, मजले ओस पडले. आगी इतक्या लागायच्या की या भागाला 'नरकातले शंभर एकर' असं नाव पडलं. तिथे चित्रकार आणि शिल्पकार शिरले, कारण भाडं कमी आणि जागा ऐसपैस. पण राहणं बेकायदा. कित्येक ठिकाणी कामाची वेळ संपली की हीटिंग बंद, मग बसा कुडकुडत. 1961 पासून काही इमारतींवर 'ए.आय.आर.' अशी पाटी लागू लागली. कलाकार अमुक मजल्यावर राहतो, हे आग विझवायला आलेल्यांना कळावं म्हणून. मला तरी हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत अंगावर येणारा तपशील वाटतो.

आता रूपांतर कसं करतात? हे मजले बोगद्यासारखे असतात, साधारण 25 फूट रुंद आणि 100 फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजारची इमारत खेटून, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. मध्ये खोल्या पाडल्या की मधला भाग काळोखात. म्हणून ओपन प्लॅन! ती स्टाइल नंतर झाली, आधी ती गरज होती. बाथरूम, कपाटं अशा उजेड न लागणाऱ्या गोष्टी मध्यभागी ढकलायच्या. संडासाचा पाइप मात्र उभ्या नळाच्या जवळच हवा, कारण सांडपाण्याला उतार लागतो. लांब न्यायचा असेल तर त्या भागाची जमीन उंच करावी लागते. छत उंच असल्यामुळे ते खपून जातं. उरलेलं काम पांढरा रंग करतो.

हा सगळा खर्च भाडेकरूने स्वतःच्या खिशातून केलेला. जाताना तो पुढच्याकडून नळ, सिंक, वायरिंगचे पैसे घ्यायचा. आपल्या पागडीची आठवण येते ना? 1971 मध्ये सोहोत कलाकारांना राहायला परवानगी मिळाली आणि 1982 च्या लॉफ्ट कायद्याने अशा बऱ्याच भाडेकरूंना संरक्षण दिलं. पण तोवर श्रीमंतांना ही घरं आवडू लागली होती. किमती चढल्या आणि अनेक कलाकार बाहेर फेकले गेले.

त्याच 1982 च्या जानेवारीत आपल्या गिरणगावात संप सुरू झाला. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात साधारण तीन वाट्यांत विभागायची होती. 2001 च्या बदलाने हिशोबात फक्त बांधकाम नसलेली मोकळी जमीन उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. मग बऱ्याच ठिकाणी शेड पाडून टॉवर उभे राहिले, काही शेडमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. तिथे राहायला गेलेले गिरणी कामगार किती दिसतात, तुम्हीच बघा.

बरं, तुमच्यापैकी कोणाला जुना गाळा किंवा गोदाम 'लॉफ्ट' म्हणून भाड्याने दाखवलं, तर फोटो बाजूला ठेवा. वापरबदलाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. निवासी वापराची नोंद आहे का ते वाचा. आणि बाहेर पडायला दुसरा जिना शोधा. तो नसेल, तर कितीही उजेड असला तरी मी तिथे रात्री झोपणार नाही.