पंचेचाळीस अक्षरी आजार

पावसाळ्यात हॉस्टेलवर करण्यासारखं फार काही नसतं. मढला समुद्र आहे खरा, पण त्या दिवसांत तो लांबूनच बघायचा! मग कॉमन रूममध्ये स्क्रॅबलचा बोर्ड निघतो आणि कोणीतरी हमखास विचारतं, "इंग्लिशमधला सगळ्यात मोठा शब्द कोणता?" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. तर हे घ्या उत्तर, एकदाच आणि सविस्तर.

आधी व्यवहाराची गोष्ट. स्क्रॅबलचा बोर्ड १५ बाय १५ घरांचा. त्यापेक्षा मोठा शब्द कितीही भारी असला तरी बसणारच नाही. शशी थरूर यांनी २०१८ मध्ये 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा शब्द ट्विट केला आणि भल्याभल्यांनी डिक्शनरी उघडली. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे. पण अक्षरं २९, म्हणजे खेळात हा शब्दच कवडीमोल! याउलट 'ऑक्सिफेनब्युटाझोन' हे सूज आणि दुखण्यावरचं औषध. ते बरोब्बर १५ घरांत बसतं.

आता आपला चॅम्पियन: 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस'. अक्षरं ४५! अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो मुद्दाम लांबलचक बनवला. पुढे ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही तो आला.

घाबरू नका. मराठीत आपण समास सोडवतो ना, तसाच हाही सोडवायचा. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस. 'अल्ट्रामायक्रोस्कोपिक' म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारं. 'सिलिको' म्हणजे सिलिका, वाळूतली तीच. 'व्होल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी. त्यासाठी इटलीला जायला नको. फोर्टमधल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) जो पिवळसर मालाड स्टोन वापरलाय, तो ट्रॅकाइट, म्हणजे ज्वालामुखीतूनच आलेला खडक. आणि 'कोनिओसिस' म्हणजे धुळीने होणारा विकार. सगळं जोडा: ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग.

शब्द गमतीसाठी बनवला, पण रोग खोटा नाही. डॉक्टर त्याला साध्या नावाने ओळखतात: सिलिकोसिस. त्यासाठी ज्वालामुखीसुद्धा लागत नाही. क्वार्ट्झ असलेला दगड कापला, फोडला, घासला की बारीक कण उडतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. तिथे व्रण होतात, फुप्फुस घट्ट होत जातं, टीबीचा धोका वाढतो. एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही.

आपण लहानपणी पाटीवर ज्या पेन्सिलीने अआइई गिरवलं, ती पेन्सिलही दगडाचीच. मध्य प्रदेशातलं मंदसौर हे या पेन्सिलींचं मोठं केंद्र. गेल्या शतकात तिथे पेन्सिली कापणारे कितीतरी कामगार याच धुळीने तरुण वयात गेले. आपल्या हातात अक्षर आलं, त्यांच्या छातीत धूळ गेली. हे वाचल्यापासून तो ४५ अक्षरांचा शब्द मी नुसता पाठांतराचा विक्रम म्हणून म्हणू शकत नाही.

आपण उद्याचे इंजिनियर. साइटवर ग्रॅनाइट कापणारा माणूस तोंडाला नुसता रुमाल बांधून धुळीच्या ढगात बसलेला आपल्याला दिसणारच. त्या कणांना रुमाल अडवत नाही. उपाय माहीत असलेले आहेत: कापताना पाण्याची धार सोडा, धूळ जागच्या जागी ओढून घेणारा पंखा बसवा, आणि वर योग्य मास्क द्या. पाणी पहिलं, मास्क शेवटचा.

तेव्हा मित्रांनो, शब्द पाठ जरूर करा, रूममेटवर इंप्रेशनही मारा! पण कोणी "म्हणजे काय गं?" किंवा "म्हणजे काय रे?" विचारलं, तर अर्थही पूर्ण सांगा. आणि बोर्डावर खेळायचंच असेल तर 'सिलिकोसिस' लावून बघा. इंग्लिशमध्ये नऊच अक्षरं आहेत, आरामात बसतो.