विमानातून उतरलात, आता पुढे?

नागपूरहून विमानानं मुंबईला दीडएक तासात पोहोचता येतं. पण रस्त्यावर गर्दी असली, की विमानतळावरून चर्चगेटला जायलाही कधी कधी तेवढाच वेळ लागतो! मग कसं जायचं?

बाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' असा गलका झाला तरी गडबडू नका. प्रीपेड टॅक्सीच्या खिडकीवर आधी भाडं भरा, पावती घ्या, नंबर जुळवा आणि मगच बसा. रिक्षा स्वस्त खरी, पण तिला हद्द आहे. पश्चिमेला वांद्रे, पूर्वेला शीव. त्यापुढे दक्षिण मुंबईत रिक्षाला बंदी!

आता जमिनीखालूनही वाट आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. २७ पैकी २६ स्थानकं भुयारात! टर्मिनल १ आणि २ या दोन्हींसाठी स्थानकं आहेत. वर गाड्या कितीही तुंबोत, तुम्ही आपले दादर, चर्चगेट करत पुढे! मध्यरात्री मात्र मेट्रो बंद; तेव्हा प्रीपेडच बरी.

आणि हो, जिथं उतरणार तिथला पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची नाही!