उलांडीची होडी आणि तिचा वेग

मालवण, वेंगुर्ले, शिरोडे या बाजूच्या पुळणीवर उभे राहिले असता अरुंद अंगाची आणि एका कुशीला काही अंतरावर लाकडाचा ओंडका घेऊन चालणारी होडी दृष्टीस पडते. हा ओंडका म्हणजे उलांडी. दोन आडव्या काठ्यांनी ती होडीला जोडलेली असते. होडी उलांडीच्या बाजूस कलू लागली की पाणी उलांडीला वर ढकलते; विरुद्ध बाजूस कलू लागली की उलांडीचे वजन तिला खाली ओढते. त्यामुळे एरवी क्षणात उलटली असती अशी निमुळती होडी समुद्रावर निर्धास्त चालते. आज पुष्कळ होड्यांना यंत्रे बसली आहेत. तरीही खाडीत व किनाऱ्यालगत केवळ वल्ह्याच्या बळावर जाणाऱ्या एकट्या माणसाला ही होडी सोयीची आहे. त्याच्यापुरता वेगाचा प्रश्न हौसेचा नाही. वारा फिरण्यापूर्वी घरी पोहोचण्याचा तो प्रश्न आहे.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर या होडीचा खेळ झाला आहे. मोलोकाई ते ओआहू ही सहा जणांच्या होड्यांची शर्यत १९५२ साली सुरू झाली, स्त्रियांची १९७९ साली. आणि आता तीच सामुद्रधुनी एकेकटे खेळाडूही पार करतात. त्यांच्या होड्या सुमारे सहा मीटर लांब, कृत्रिम तंतूंच्या आणि एका माणसाने खांद्यावर टाकून न्याव्यात इतक्या हलक्या असतात. आपल्या लाकडी होडीची त्यांच्याशी बरोबरी नाही. परंतु पाण्याचे नियम दोहोंना सारखेच लागू आहेत.

त्यांतील पहिला नियम कठोर आहे. वेग दुप्पट करावयाचा तर पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो आणि लागणारी शक्ती जवळजवळ आठपट. म्हणजे केवळ दंडाच्या जोरावर वेग वाढविणाऱ्याला लवकरच हात टेकावे लागतात. दुसरा नियम लांबीचा. चालताना होडी आपल्याभोवती लाट उठविते आणि त्या लाटेच्या चढणीवर स्वतःच अडखळू लागते. पाण्यातील लांबी सहा मीटर असेल तर ही अडचण ताशी अकरा किलोमीटरांच्या आसपास येते, तीन मीटर असेल तर आठाच्याही आतच. अंग निमुळते असल्यास ती पुष्कळच कमी जाणवते. होडी निमुळती ठेवता येते ती उलांडीमुळे. पण उलांडी स्वतःही पाण्यात घासत असतेच. स्थैर्याची ही किंमत होय, आणि ती गरजेपेक्षा अधिक मोजू नये, एवढेच होडी जुळविण्याचे मर्म आहे.

म्हणून पहिले लक्ष उलांडीच्या उंचीकडे द्यावे. शांत पाण्यात नेहमीच्या जागी बसल्यावर उलांडी पाण्यावर हलकेच टेकलेली दिसली पाहिजे. ती निम्मी बुडत असेल तर काठ्यांच्या बांधणीत तिला थोडी वर घ्यावी. पाण्याला स्पर्शच करीत नसेल तर होडी दोन्हीकडे झोके खाते आणि बसणाऱ्याचे निम्मे बळ तोल सावरण्यात जाते. येथे एक गोष्ट हटकून विसरली जाते. मासळी भरली की होडी खाली बसते, आणि रिकाम्या होडीला बेताची असलेली उलांडी तेव्हा खोल जाते. परतीचे ओझे मनात धरूनच उंची ठरवावी.

त्यानंतर दिशा. उलांडी होडीला समांतर हवी. होडीच्या मध्यरेषेपासून उलांडीच्या पुढच्या व मागच्या टोकांपर्यंतचे अंतर सुतळीने मोजून पाहावे. फरक असेल तर उलांडी पाणी तिरके कापते आणि दर चार वल्ह्यांमागे एक वल्हे केवळ नाळ सरळ करण्यात खर्ची पडते. बांधणी अचूक असली तरी उलांडीच्या घर्षणाने नाळ थोडी तिच्याच बाजूस वळू पाहते. उलांडीकडच्या बाजूने वल्हविल्यास ही ओढ आपोआप फेडली जाते, शिवाय अंगाचा भारही सुरक्षित बाजूस राहतो.

बांधणी काथ्याच्या सुंभाची असली तर तिला नावे ठेवू नयेत. खाऱ्या पाण्यात काथ्या टिकतो, आणि लाट आदळली की खिळ्याने लाकूड फाटले असते तेथे सुंभ किंचित लवून धक्का सोसतो. मात्र गाठ सैल पडली की उलांडी डुलू लागते. पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटण्यापूर्वी सर्व बांधणी उकलून नव्याने आवळणे चांगले. दोन गोष्टींची 'सांगड घालणे' हा आपल्या भाषेतील प्रयोगही मुळात एकत्र बांधलेल्या लाकडांचा आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पूर्व किनाऱ्यावरच्या अशाच जोडनौकांना 'संगर' म्हटले आहे.

बैठकीचे सांगायचे तर, फार मागे बसल्यास मागचा भाग रुततो, फार पुढे बसल्यास नाळ पाण्यात शिरते. वल्हे होडीच्या अंगाजवळ उभे घालावे, कमरेच्या वळणाने ओढावे आणि कंबरेशी येताच बाहेर काढावे; त्यापुढे ओढलेले वल्हे होडी पुढे नेण्याऐवजी पाणीच वर उचलते.

पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडणारा दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परततो. तेव्हा लाटा पाठीमागून येतात. अशा वेळी थोडे मागे सरकावे आणि लाट मागचा भाग उचलू लागताच चार-सहा वल्ही भराभर मारून तिच्यावर स्वार व्हावे. पुढचे काम लाटच करते. आडवा वारा उलांडीच्या बाजूने आला तर तिच्याखाली शिरून तिला उचलू पाहतो. तेव्हा भार तिकडे टाकावा. उलटलेली हलकी होडी माणसाच्या पोहण्याहून वेगाने वाऱ्याबरोबर दूर जाते. म्हणून हवाईचे खेळाडू पायाला दोरी बांधून ती होडीत अडकवितात. दोरीचे हे काम आपल्याकडील एकट्या नाखव्यालाही करता येण्याजोगे आहे. मात्र ती जाळ्यात गुंतणार नाही अशा बेताने बांधावी, आणि तरंगते जाकीट अंगात असावेच.