दोन क्लास एकमेकांवर अडून बसतात तेव्हा...

परतवाडा, (प्रतिनिधी) : आयफोनच्या जुन्या ॲप्लिकेशनची डागडुजी हाती घेणाऱ्या नवशिक्या प्रोग्रामरला एक त्रुटी हमखास भेडसावते. फाइल डोळ्यांसमोर असते, नावातही चूक नसते. तरीही कंपायलर 'अननोन टाइप नेम', म्हणजे हे नाव आपल्या परिचयाचे नाही, असे बजावतो. पुष्कळदा याचे मूळ दोन क्लासनी एकमेकांच्या फायली मागवण्यात असते.

'ऑब्जेक्टिव्ह-सी' ही भाषा ब्रॅड कॉक्स व टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी तयार केली. स्टीव्ह जॉब्ज यांच्या 'नेक्स्ट' कंपनीमार्फत ती ॲपलकडे आली. २०१४ मध्ये ॲपलने 'स्विफ्ट' ही नवी भाषा जाहीर केली. मात्र जुने काम सांभाळणाऱ्यांची ऑब्जेक्टिव्ह-सीपासून सुटका झालेली नाही.

एकेकाळी अचलपूर-मूर्तिजापूर धावणाऱ्या 'शकुंतला'चे वेळापत्रक दाखविणारे ॲप्लिकेशन करायचे आहे, असे समजू. त्यात 'स्थानक' आणि 'गाडी' असे दोन क्लास आहेत. फलाटावर कोणती गाडी आहे, हे स्थानकाला ठाऊक हवे आणि पुढचे स्थानक कोणते, हे गाडीला. म्हणून दोन्ही हेडर फायलींच्या आरंभी एकमेकींना 'इम्पोर्ट' केले जाते.

कंपायलर मजकूर वरून खाली वाचत जातो. स्थानकाची हेडर फाइल उघडताच पहिलीच ओळ त्याला गाडीच्या फायलीकडे धाडते. तेथील पहिली ओळ पुन्हा स्थानकाकडे बोट दाखविते. 'इम्पोर्ट' एक फाइल एकदाच घेतो, त्यामुळे ही दुसरी मागणी निमूटपणे वगळली जाते. परिणामी गाडीचे वर्णन वाचताना 'स्थानक' हा शब्द येतो, पण त्याची व्याख्या अद्याप वाचलेलीच नसते. गंमत म्हणजे गाडीची फाइल आधी कंपाइल केली, तर तक्रार स्थानकाच्या हेडरमध्ये उमटते. त्रुटी जागा बदलते आणि शोधणारा चुकीच्या ओळी खोडत बसतो.

उपाय एका ओळीचा आहे. हेडरमधील 'इम्पोर्ट' काढून तेथे 'ॲट' चिन्हासह 'क्लास' आणि दुसऱ्या क्लासचे नाव लिहावे. या नावाचा क्लास अस्तित्वात आहे, एवढीच ही ग्वाही. हेडरमध्ये वस्तूचा केवळ पत्ता, म्हणजे पॉइंटर, नमूद असतो. त्याचा आकार ठरलेला असल्याने कंपायलरला अधिक काही लागत नाही. खरा 'इम्पोर्ट' मग 'डॉट एम' फायलीत करावा, कारण प्रत्यक्ष मेथड तेथे वापरल्या जातात. तो विसरल्यास 'फॉरवर्ड डिक्लरेशन'चा उल्लेख असलेली नवी तक्रार येते.

ही युक्ती सर्वत्र चालत नाही. ज्या क्लासचा वारसा घ्यायचा, त्याचे हेडर पूर्ण मागवावेच लागते. जो प्रोटोकॉल क्लास स्वीकारतो, त्याची व्याख्याही समोर हवी. तो स्वतंत्र हेडरमध्ये ठेवणे सोयीचे.

फायलींचा पेच सुटला तरी वस्तूंचा पेच उरतो, हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. स्थानक व गाडी यांनी एकमेकांना 'स्ट्राँग' संबंधाने धरून ठेवले, तर दोघांचीही मेमरी मोकळी होत नाही. ॲप्लिकेशन विनातक्रार चालते आणि फोन हळूहळू जड होत जातो. येथे एक बाजू, बहुधा गाडीकडून स्थानकाकडे जाणारी, 'वीक' करावी लागते. पहिल्या चुकीवर कंपायलर अडवतो, या दुसरीवर तो सहसा गप्पच राहतो.