ग्रामपंचायतीमागे ५३ लाख

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची केबल पोचवणाऱ्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये. एवढा मोठा आकडा नुसता वाचून काही कळत नाही, म्हणून त्याला २ लाख ६४ हजार ग्रामपंचायतींनी भागावे. पंचायतीमागे साधारण ५३ लाख येतात.

हाच भागाकार मागे जाऊन केला तर गोष्ट रंजक होते. ऑक्टोबर २०११मध्ये ही योजना 'राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क' या नावाने मंजूर झाली, तेव्हा अडीच लाख पंचायतींसाठी सुमारे २०,००० कोटींचा अंदाज होता, म्हणजे पंचायतीमागे ८ लाख. पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि २०१७मध्ये एकूण मंजुरी ४२,०६८ कोटींवर गेली, म्हणजे जवळपास १७ लाख. आठाचे सतरा झाले आणि सतराचे त्रेपन्न.

निव्वळ महागाईने असे होत नाही. भ्रष्टाचार म्हणून मोकळे होणेही आळशीपणाचे. या तीन रकमांत वेगवेगळ्या वस्तू विकत घेतल्या आहेत. पहिल्या अंदाजात तालुक्यापासून पंचायतीपर्यंत केबल पोचवायची होती. ती बहुतेक ठिकाणी एकेरी गेली. रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने ती एका जागी तोडली की पुढची सगळी गावे बंद. दोन वर्षांत व्हायचे काम रखडले आणि पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. आताच्या रकमेत केबल वर्तुळात फिरवायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. शिवाय कंत्राटदाराने उभारणीची तीन वर्षे संपल्यावर पुढची दहा वर्षे देखभालही करायची आहे. ५३ लाखांत या देखभालीचा आणि आधीचे काम दुरुस्त करण्याचा खर्चही आहे. तो खर्च आधीही होताच, फक्त अंदाजपत्रकात लिहिलेला नव्हता.

सरकारी नोंदींप्रमाणे २०२५च्या सुरुवातीला २ लाख १४ हजारांवर पंचायती 'सर्व्हिस रेडी' होत्या. केबल पोचली आणि डबा बसला की पंचायत या यादीत येते. त्या डब्यातून आज डेटा वाहतो का, हे त्या आकड्यात नसते.

पैसा येतो कुठून? थोडा आपल्या रिचार्जमधून. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम सेवा-दायित्व आकार म्हणून भरतात. ही पद्धत एप्रिल २००२पासून सुरू आहे आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याने या आकारावर चालणाऱ्या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. ३०० रुपयांच्या रिचार्जमधून जीएसटी वजा केला तर ढोबळमानाने बारा रुपये तिकडे जातात. पण हे बारा रुपये थेट निधीत पडत नाहीत. ते आधी भारताच्या संचित निधीत जमा होतात आणि संसदेच्या मंजुरीने जेवढे दिले जातील तेवढेच योजनेपर्यंत येतात. त्यामुळे 'वसूल झाले' आणि 'खर्च झाले' या दोन आकड्यांत कायम अंतर राहते.

दुर्गम भागातल्या मोबाइल टॉवरसाठी हाच भागाकार आणखी चढतो. जुलै २०२२मध्ये ज्या २४,६८० गावांत फोर-जी पोचलेच नव्हते, त्यांच्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले, म्हणजे गावामागे १ कोटी ७ लाखांच्या आसपास. त्याआधी नोव्हेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी, म्हणजे गावामागे सुमारे ८९ लाख. दोन्हींत पाच वर्षांचा चालू खर्च धरलेला आहे. रक्कम मोठी वाटते खरी, पण धडगाव किंवा भामरागडच्या डोंगर-जंगलात टॉवर उभारायचा तर वनखात्याची परवानगी, विजेची हमी नाही म्हणून बॅटरी आणि सोलर, आणि एवढे करून खाली रिचार्ज करणारे मोजके. कोणतीही कंपनी हे आपणहून करणार नाही. अनुदान खरोखर लागते ते इथे.

आता दुसरी बाजू. ग्रामीण भागात घरटी एकाला डिजिटल साक्षर करणारी 'पीएमजी दिशा' योजना २०१७मध्ये आली. २,३५१.३८ कोटी रुपये, सहा कोटी माणसे, म्हणजे माणशी ३९२ रुपये आणि २० तासांचे शिक्षण. मार्च २०२४मध्ये ती संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोक शिकल्याची नोंद होती, प्रमाणपत्र मिळालेले मात्र ४ कोटी ७७ लाख. केबलवरची ताजी मंजुरी शिकवण्यावरच्या मंजुरीच्या एकोणसाठ पट आहे. वीस तासांत काय येते, हे ज्याने आईला यूपीआय शिकवले आहे त्याला सांगायला नको. महाराष्ट्रात हजारो घरांनी एमएस-सीआयटीची फी खिशातून भरली, कारण ते प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी लागत होते. उपयोग दिसला की माणसे स्वतः पैसे काढतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ग्रामीण पुरुषांपैकी ४८.७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, ग्रामीण स्त्रियांपैकी २४.६ टक्क्यांनी. केबल दोघांच्या दारात सारखीच पोचते. २०२५च्या सरकारी पाहणीत देशातल्या ८६.३ टक्के घरांत इंटरनेट होते, पण हे मोजमाप घराचे आहे. घरातला एकमेव स्मार्टफोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो, हे त्यातून कळत नाही.

सुधारित भारतनेटचे एक उद्दिष्ट आहे पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचे. त्या देण्याचे आणि सांभाळण्याचे काम गावातल्याच उद्योजकाकडे सोपवण्याची कल्पना आहे, मिळकतीत त्याचा अर्धा वाटा ठेवून. मला या सगळ्या आराखड्यातला हा भाग सर्वांत आशादायक वाटतो, कारण केबल तुटली तर त्याचेही उत्पन्न बंद पडते. मात्र २०११च्या जनगणनेत ग्रामीण कुटुंबे सुमारे १६ कोटी ८० लाख होती. दीड कोटींचे उद्दिष्ट पूर्ण गाठले, तरी जोडणी मिळेल ती दर अकरा घरांतल्या जेमतेम एकाला.