दरीत साठणारी थंडी

जितके उंच जावे तितकी थंडी अधिक, हा निसर्गाचा सर्वमान्य शिरस्ता ईशान्य सैबेरियातील चेर्स्की पर्वतराजीत हिवाळ्यापुरता तरी साफ उलटा होतो, आणि त्या दुर्गम मुलखाविषयी सांगण्याजोगे जे काही आहे, त्यात मला हेच सर्वांत विलक्षण वाटते.

थंडीच्या प्रारंभी त्या प्रदेशावर जड, निश्चल हवेचा प्रचंड भार येऊन बसतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, सूर्य अल्पकाळ दर्शन देऊन मावळणारा, अशा स्थितीत हिमाच्छादित भूमी आपली उरलीसुरली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते, तिला लागून असलेली हवा गारठून जड होते आणि उतारांवरून ओघळत खोऱ्यांच्या तळाशी साठते, जेथून बाहेर पडावयास भोवतालचे डोंगर तिला वाटच ठेवीत नाहीत. म्हणूनच इंदिगिर्का नदीच्या वरच्या खोऱ्यातील ओयम्याकोन गावी फेब्रुवारी १९३३मध्ये शून्याखाली ६७.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवसांत आसपासचे उंच उतार मात्र तळापेक्षा पुष्कळच सौम्य असतात.

हिमवृष्टी बेताची असल्यामुळे ३,००३ मीटर उंचीचे पोबेदा शिखर असूनही येथे हिमनद्या थोड्याच. त्यांची उणीव नद्या भरून काढतात: पात्र वरून गोठत गेले, की खाली कोंडलेले पाणी दाबाने बर्फ फोडून वर येते, पसरते, पुन्हा गोठते, आणि थरावर थर चढून मोमा नदीच्या खोऱ्यातील ‘उलाखान-तारीन’सारखी विस्तीर्ण बर्फाची मैदाने तयार होतात.

या पर्वतराजीची रीतसर ओळख सर्गेई ओब्रुचेव्ह या भूगर्भशास्त्रज्ञाने १९२६ साली जगास करून दिली, आणि नाव दिले ते यान चेर्स्की यांचे. रशियन सत्तेविरुद्धच्या १८६३च्या उठावात भाग घेतल्याबद्दल सैबेरियात हद्दपार झालेला आणि तेथेच विद्वत्तेस पोहोचलेला हा पोलिश पुरुष १८९१मध्ये हे डोंगर ओलांडून कोलिमा नदीकडे गेला व पुढच्याच वर्षी त्या नदीवरील प्रवासात निवर्तला. त्यांची पत्नी माव्रा यांनी मोहीम अर्धी सोडली नाही, या धैर्यास इतिहासाने अधिक जागा द्यावयास हवी होती.

समुद्रापासूनचा जो दुरावा हिवाळा कठोर करतो, तोच उन्हाळाही तापवतो. शेजारच्या व्हेर्खोयान्स्क येथे, जेथे १८९२मध्ये पारा शून्याखाली ६७.८ अंशांपर्यंत उतरला होता, तेथेच जून २०२०मध्ये तो ३८ अंशांवर चढला. एवढ्या टोकांमध्ये टिकणारा मुख्य वृक्ष म्हणजे लार्च: सूचिपर्णी असूनही तो शरदात आपली पाने गाळून टाकतो, आणि कायम गोठलेल्या जमिनीवर उन्हाळ्यात वितळणाऱ्या उथळ थरातच मुळे पसरून जगतो.